बाप्पा येतो तिथीने, जातो आईच्या नक्षत्राने

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ठाण्याच्या सोसायटीतली, दुसऱ्या मजल्यावरची नवी सून एका संध्याकाळी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून थेट माझ्याकडे घेऊन आली. लग्नानंतरचा पहिला गणपती. सासूबाई पाय मोडल्यामुळे गावीच अडकलेल्या, त्यामुळे सगळं हिच्यावर. "काकू, आमचा गणपती पाच दिवसांचा," ती म्हणाली. "बुधवारी २७ ऑगस्टला आणायचा, म्हणजे रविवारी ३१ तारखेला विसर्जन. सोमवारपासून येते म्हणून ऑफिसात सांगून बसलेय. आणि इथे बघा, ३१ च्या चौकटीत 'गौरी आवाहन' लिहिलंय. चुकून छापलंय का?"

चुकून छापलेलं नव्हतं. तिच्या सासरचा गणपती गौरींबरोबर जाणारा, आणि त्या वर्षी गौरी निघणार होत्या २ सप्टेंबरला, मंगळवारी. आपल्या हिशेबाने तिने विसर्जन केलं असतं, तर ज्या दिवशी आई उंबऱ्यात पाऊल टाकणार त्याच दिवशी लेकाला पाण्यात सोडून आली असती. हे कळल्यावर तिने डोक्याला हात लावला. रजा वाढवून घेतली, नारळ वाढवले, आणि मग शांतपणे बसून विचारलं, "पण असं का होतं? दीड दिवसाचा गणपती दरवर्षी दीडच दिवसाचा. मग आमचाच का लांबतो?"

हा प्रश्न दर भाद्रपदात घरोघरी निघतो आणि "पंचांगात आहे म्हणून" एवढ्यावर मिटतो. खरं तर त्याचं उत्तर समजायला अवघड नाही, आणि समजलं की अख्ख्या सणाकडे बघण्याची नजर बदलते. म्हणून तिला सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहिते.

आधी लागोपाठची तीन वर्षं शेजारी शेजारी ठेवू. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. गौरी आल्या २१ ला, पूजन २२ ला, विसर्जन २३ ला. बाप्पा पाच दिवस राहिला. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि गौरींचे दिवस १०, ११, १२. मुक्काम सहा दिवस. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला, गौरी ३१ ऑगस्टला आल्या, १ सप्टेंबरला जेवल्या, २ ला गेल्या. मुक्काम सात दिवस. गौरींचे तीन दिवस तिन्ही वर्षी तीनच आहेत. कमी-जास्त झालं ते लेकाचं आईची वाट बघणं. आणि अजून एक गोष्ट बघा: चतुर्थी जेवढी लवकर आली, तेवढी वाट लांबली.

याचं कारण असं की माय-लेक वेगवेगळ्या मापाने येतात. गणपती येतो तिथीने, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. गौरी येतात नक्षत्राने. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. तिथी आणि नक्षत्र दोन्ही चंद्रावरूनच ठरतात, त्यामुळे ती एकच असावीत असं वाटतं आणि सगळा घोळ तिथेच होतो.

तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला त्याचं माप. अमावास्येला दोघं एका रेषेत असतात. तिथून चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. म्हणजे चतुर्थी चालू असते तेव्हा चंद्र सूर्याच्या ३६ ते ४८ अंश पुढे असतो. नक्षत्राला मात्र सूर्याशी देणंघेणं नाही. चंद्र ज्या वाटेने फिरतो त्या आकाशाच्या पट्ट्याचे २७ सारखे भाग केले आहेत, प्रत्येक १३ अंश २० कलांचा. आज चंद्र त्यातल्या कुठल्या घरात उतरलाय, ते आजचं नक्षत्र. चंद्र दिवसाला साधारण एक घर ओलांडतो.

ठाणेकरांना हे लोकलच्या भाषेत पटकन कळतं. एकाच मार्गावर कल्याणच्या दिशेने दोन गाड्या निघाल्यात असं धरा. सूर्य ही अगदी धिमी गाडी, चंद्र ही जलद. चतुर्थी म्हणजे जलद गाडी धिमीच्या बरोब्बर तीन स्टेशनं पुढे आहे. आणि अनुराधा नक्षत्र म्हणजे डोंबिवली, आपल्या जागी पक्की. आता धिमी गाडी भांडुपला असेल तर तीन स्टेशनं पुढची जलद गाडी ठाण्यात असणार. ठाण्याहून डोंबिवली गाठायची तर कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर अशी सगळी मजल बाकी. पण धिमी गाडी आधीच मुलुंडला पोचलेली असेल, तर जलद गाडी मुंब्र्याला असेल आणि तिथून डोंबिवली जवळ. दोन्ही वेळा अंतर तेच तीन स्टेशनांचं, म्हणजे तिथी तीच चतुर्थी. फरक पडला तो धिमी गाडी कुठवर आली होती याचा.

सूर्य आकाशात रोज सुमारे एक अंश सरकतो. २७ ऑगस्टला तो मागे असतो, तेव्हा चतुर्थीचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास सापडतो आणि त्याला स्वाती, विशाखा ओलांडून अनुराधेला जायचं असतं. १९ सप्टेंबरपर्यंत सूर्य तेवीसएक अंश पुढे गेलेला असतो, कन्या राशीत शिरलेला असतो. मग चतुर्थीचा चंद्रही तेवढाच पुढे, स्वातीच्या आसपास. अनुराधा दोन पावलांवर. म्हणून २०२३ मध्ये गौरी तिसऱ्याच दिवशी आल्या आणि २०२५ मध्ये पाचव्या.

चतुर्थी मुळात मागेपुढे का होते, तर चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी सण अकराएक दिवसांनी अलीकडे येतात आणि दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ते परत जागेवर नेले जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे चतुर्थी सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेली. पुढच्या दोन वर्षांत ती सरकत सरकत ऑगस्टमध्ये आली.

हा ढोबळ अंदाज झाला. नेमका दिवस पंचांगात बघूनच ठरवायचा, कारण नक्षत्र काही रात्री बाराच्या ठोक्याला बदलत नाही. ते दुपारी बदलेल, पहाटे बदलेल. म्हणून पंचांगात आवाहनाच्या दिवशी "अमुक वाजेपर्यंत" अशी वेळ छापलेली असते, आणि ती वेळ दुपारची असली की घरातल्या बायकांची सकाळपासून धांदल उडते.

कोकणात याच्या जोडीला आणखी एक मोजणी चालते. सूर्य ज्या नक्षत्रात असेल ते पावसाचं नक्षत्र. मृग, आर्द्रा, मघा, पूर्वा, उत्तरा ही नावं शेतकऱ्याच्या तोंडी असतात ती त्याची. सूर्य पूर्वा नक्षत्रात साधारण ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर असतो. आमच्याकडे ज्या वर्षी सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी येते त्या वर्षी नव्या सुनेचा ओवसा होतो. सुपात पाच प्रकारची पानं, फळं, सुकामेवा, विडा भरून गौरीपुढे ओवसायचं आणि मग ती सुपं घरातल्या थोरांच्या हातात देऊन पाया पडायचं. सूर्य उत्तरा नक्षत्रात गेल्यावर गौर आली तर नवी सून पुढच्या वर्षाची वाट बघते. २०२३ मध्ये लग्न झालेल्या किती मुलींनी अशी वाट बघितली असेल.

आता नावाकडे. ज्येष्ठा गौरी म्हणजे थोरली गौरी, असा अर्थ बहुतेक जण लावतात. खरं तर ज्येष्ठा नक्षत्रावर पुजली जाते ती ज्येष्ठा गौरी. पण शब्दाला दुसरा अर्थ चिकटलेला आहेच. ज्येष्ठा म्हणजे थोरली, मग धाकटी कोण? म्हणून जोडीला कनिष्ठा आली आणि दोघी बहिणी झाल्या. पुराणात ज्येष्ठा हे लक्ष्मीच्या थोरल्या बहिणीचं, अलक्ष्मीचंही नाव आहे. समुद्रमंथनात ती लक्ष्मीच्या आधी वर आली असं सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात या दोघींना महालक्ष्मीच म्हणतात, आणि तिकडच्या माणसाला "तुमच्या गौरी कधी?" असं विचारलं तर तो हळूच सुधारतो, "आमच्या महालक्ष्म्या."

मग गौरी गणपतीची कोण? आई की बहीण? आमच्या सोसायटीत यावरून चर्चा झडतात. गौरी म्हणजे पार्वती, त्यामुळे ती गणपतीची आई, हे सरळ नातं. पण पुष्कळ घरांत मुलांना "बाप्पाची बहीण आली" असंच सांगतात. दोन गौरी शेजारी उभ्या असलेल्या बघितल्यावर मुलांना त्या बहिणीच वाटतात आणि मोठ्यांनीही कधी खोडून काढलेलं नसतं. मला यात चूक-बरोबर असं काही दिसत नाही. नातं कुठलंही लावा, घटना एकच आहे: सासरी गेलेली बाई माहेरी येते आणि तिचं माणूस तिच्या आधी येऊन वाट बघत बसलेलं असतं.

भाद्रपदाचा तो आठवडा एका दमात बघा. तृतीयेला हरतालिका. त्या दिवशी पार्वती कुमारिका आहे, शंकर मिळावा म्हणून अन्नपाणी सोडून तप करते आहे आणि तिच्याबरोबर आपल्या घरातल्या मुली, बायका उपाशी आहेत. दुसऱ्या दिवशी चतुर्थीला तिचा मुलगा घरी येतो. आणखी दोन-चार दिवसांनी तीच पार्वती लेकुरवाळी, थकलीभागली माहेरपणाला येते. एका बाईचं अर्धं आयुष्य आठवड्याभरात आपल्या देवघरासमोरून जातं. मंगळागौर आणि चैत्रगौर या तिच्या आणखी वेगळ्या भेटी, पण त्या वर्षात लांब लांब विखुरलेल्या. इथे मात्र सगळं एका सलग कथेसारखं घडतं.

आणि या कथेत आपण नुसते बघे नाही. गौरीचं माहेर म्हणजे आपलं घर, हे एकदा मान्य केलं की घरातल्या प्रत्येकाला आपोआप काम मिळतं. घरची कर्ती बाई देवीची आई होते. घरच्या लेकी-सुना तिच्या बहिणी, भावजया. शेजारणी हळदीकुंकवाला येतात त्या तिच्या मैत्रिणी. गणपतीची पूजा आपण भक्त म्हणून करतो. गौरीशी मात्र आपण "ये बाई, दमलीस का" अशा आवाजात बोलतो. स्वतः देवीला अशी लेकीसारखी वागवणारी बाई कित्येकदा स्वतःच्या माहेराला मात्र वर्षभर पारखी झालेली असते. माझी सासू त्यातली होती. गौरीचा चेहरा पुसताना ती जे पुटपुटायची ते मंत्र नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

गौरीचं रूप घरागणिक बदलतं. कोकणस्थांच्या पुष्कळ घरांत खड्यांच्या गौरी. घरची मुलगी किंवा सवाष्ण पाणवठ्यावर जाते, पाच किंवा सात खडे उचलते आणि तोंडातून शब्द न काढता, मागे न बघता घरी येते. विदर्भ-मराठवाड्याकडच्या मंडळींच्या महालक्ष्म्या उभ्या असतात. पितळेचे किंवा शाडूचे मुखवटे, खाली लोखंडी स्टँड, त्याला नेसवलेली नऊवारी किंवा पैठणी, हात, दागिने, पुढ्यात त्यांची बाळं आणि धान्याच्या राशी. आमच्या मजल्यावर परभणीकडचं एक कुटुंब आहे. त्यांच्याकडे साडीच्या निऱ्या बसवायलाच दोन जावांना अर्धा दिवस लागतो आणि तेवढ्या वेळात त्या घरात कुणी मोठ्याने बोललेलं चालत नाही. काही ठिकाणी सुगडांची उतरंड रचून त्यावर मुखवटा ठेवतात.

आमची गौर तेरड्याची. जांभळी नाक्याच्या बाजारात आवाहनाच्या आदल्या दिवसापासून तेरड्याच्या जुड्या येतात. ओल्या गोणपाटावर मांडलेल्या, मुळांना लाल माती तशीच चिकटलेली. घेताना फुलं बघायची नाहीत, मुळं बघायची, हे मला सासूने शिकवलं. कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. मुळं तुटलेली जुडी ती परत ठेवायची आणि म्हणायची, "पाय मोडलेली लेक कशी चालत येईल गं?" घरी आणून जुडी उलगडली की पिकलेल्या शेंगा बोट लागताच फट्कन फुटतात आणि बिया ओट्याखाली, मिक्सरमागे उडतात. पुढच्या आषाढात आमच्या खिडकीतल्या कुंड्यांत त्यातल्या दोन-तीन उगवलेल्या असतात. देठं घट्ट बांधून त्यावर कागदावर छापलेला मुखवटा लावायचा, हळदीच्या पानांचा आधार द्यायचा, साडी नेसवायची, नथ घालायची. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण फसव्या, न टिकणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो. गौरही तीनच दिवस राहते, आणि तिला रूप देणारं फूल आपण नेमकं तेच निवडलंय.

आवाहन हा सगळ्यात नाट्यमय भाग, आणि फ्लॅटमध्येही तो जसाच्या तसा होतो. गौर दाराबाहेर, लिफ्टसमोर. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, जिच्या हातात गौर आहे तिच्या पायांवर दूध-पाणी घालतात, कुंकू लावतात. उंबऱ्यापासून आत कुंकवाची किंवा रांगोळीची पावलं. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. घरातलं पोर ताटलीवर चमचा वाजवतं. आतून विचारतात, "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" आणि बाहेरून उत्तर येतं, "हळदीकुंकवाच्या पावलांनी आली." पुढच्या पावलाला सोन्यामोत्याच्या, त्याच्या पुढे धनधान्याच्या, विद्येच्या, आरोग्याच्या, जे मनात येईल त्या पावलांनी. मग तिला घर दाखवायचं. स्वयंपाकघर, तांदळाचा डबा, कपाटाची तिजोरी, मुलांची अभ्यासाची जागा. मोठ्या वाड्यात जे कोठार असायचं ते आता ओट्याखालचं पिंप झालंय, पण ते उघडून दाखवल्याशिवाय गौर पुढे सरकत नाही. शेवटी तिला गणपतीशेजारी बसवतात. दोन्ही मूर्ती जवळजवळ ठेवल्या की घरातली सगळी माणसं क्षणभर गप्प होतात. दरवर्षी होतात. तीच ती भेट, जिच्यासाठी इतके दिवस आरास मांडून ठेवलेली असते.

तीन दिवसांचं जेवणही माहेरपणाचं आहे. आली त्या संध्याकाळी पालेभाजी आणि भाकरी, बऱ्याच घरांत शेपूची भाजी. प्रवासाने दमलेल्या लेकीला पहिल्या रात्री जड खायला घालत नाहीत, इतका साधा विचार. दुसरा दिवस मोठा. देशावर पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कथली. कोकणात घावन-घाटलं. सवाष्णी जेवतात, संध्याकाळी हळदीकुंकू, रात्री झिम्मा, फुगड्या, जागरण.

आणि इथेच आपल्या ठाणे-नवी मुंबईची खास गोष्ट येते, जी बाहेरच्यांना ऐकून नवल वाटतं. ठाणे, नवी मुंबई, रायगडच्या अनेक आगरी-कोळी घरांत, काही सीकेपी घरांतही, पूजनाच्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मासे, कोलंबी, चिंबोऱ्या, कुठे मटण. चेंदणी कोळीवाड्यातली माझी मैत्रीण त्या दिवशी पहाटे बाजारात असते, कारण चिंबोरी भरलेली हवी, पोकळ चालत नाही. नैवेद्य दाखवताना गणपती आणि गौरी यांच्यामध्ये पडदा धरतात. गणपतीला मोदक, गौरीला चिंबोरी. कुणी म्हणतं हा नैवेद्य तिच्याबरोबर आलेल्या शंकराच्या गणांचा. मैत्रिणीचं उत्तर मला जास्त पटतं. "लेक घरी आली तर तिला जे आवडतं तेच करणार ना? कोळ्याची लेक पुरणपोळी खाऊन जाईल होय?" यावर नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगते की घर ज्याचं, ताट त्याचं. गौर ज्या घरी येते त्या घरची होते, आणि त्या घरात रोज जे शिजतं त्याच्याच सणाच्या रूपाने ती जेवते. समुद्रावर जगणाऱ्यांनी समुद्राचंच उत्तम ते लेकीपुढे ठेवलं तर त्यात अपवित्र काय?

कोल्हापूरकडे गौरीच्या मागोमाग शंकरोबाही येतो. बायकोला न्यायला आलेला जावईच तो. म्हणजे कुटुंब पुरं झालं: आई, मुलगा, बाप. जावई आला की निघायची वेळ झाली, हे प्रत्येक माहेरवाशिणीला कळतं.

निघायचं नक्षत्र मूळ. जुन्या मराठीत सासर-माहेर करणाऱ्या लेकीला न्यायला-आणायला पाठवलेल्या माणसाला मूळ म्हणत; मुराळी हा शब्द त्याच कुळातला. नक्षत्राचं नाव काही तिथून आलेलं नाही. तरी कॅलेंडरात "मूळ नक्षत्रावर विसर्जन" वाचलं की मला दारात कुणीतरी छत्री झटकत उभं असल्यासारखं वाटतं. त्या दिवशी देशावरच्या घरांत सुताला गाठी पाडतात, प्रत्येक गाठीत हळदकुंकू, फूल, सुकामेवा असं काही ना काही बांधतात. नैवेद्याला मुरडीचा कानवला. कानवल्याची कड दुमडून दुमडून मुरड घालतात, आणि मुरडणं म्हणजे मागे वळणंही. जाशील, पण वळून ये, हे लेकीला तोंडाने सांगवत नाही म्हणून ते कणकेच्या कडेला घालून ताटात वाढतात. बरोबर दहीभाताची शिदोरी.

आणि आई निघाली की लेकही निघतो. सुरुवातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच. गौरीबरोबर जाणारा गणपती पाच दिवसांचाही नसतो आणि सातचाही नसतो. त्याच्या मुक्कामाला स्वतःचा आकडाच नाही. तो आईची वाट बघतो, तीन दिवस तिच्याजवळ बसतो आणि तिचं बोट धरून जातो. ज्या वर्षी ती लवकर येते त्या वर्षी तो लवकर परततो. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईला हे सांगितलं तेव्हा ती कॅलेंडर मिटून म्हणाली, "मग ऑफिसात मला 'पाच दिवसांचा' असं सांगायलाच नको होतं. 'गौरीबरोबरचा' असंच सांगायचं."

तिने आणखी एक विचारलं होतं. तिच्या सासूने फोनवर बजावलं होतं की विसर्जनाहून येताना वाळू आणायला विसरू नको. ती कशाला?

त्याचं उत्तर ज्येष्ठागौरीच्या कहाणीत आहे. एका गरीब ब्राह्मणाची मुलं गौर आणा म्हणून हट्ट धरतात. घरात काही नाही. तो खचून तळ्यावर जीव द्यायला जातो, तिथे त्याला एक म्हातारी भेटते. तो तिला घरी आणतो. रिकामं मडकं कण्यांनी भरलेलं सापडतं. म्हातारी दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं मागते, तिसऱ्या दिवशी खीर मागते, आणि खिरीच्या दुधासाठी संध्याकाळी गाई हाक मारताच गोठ्यात येतात. मग म्हातारी म्हणते, आता मला पोचती कर. तो घाबरतो, तुम्ही गेलात की हे सगळं जाईल. तेव्हा ती त्याला वाळू देते आणि सांगते, ही घरभर टाक, हांड्यावर टाक, गोठ्यात टाक, काही कमी होणार नाही. आणि दरवर्षी तळ्याच्या पाळीवरून दोन खडे आणून ज्येष्ठागौर, कनिष्ठागौर म्हणून बसव.

तळ्याच्या पाळीवरून, असंच कहाणीत आहे. तळ्यांच्या ठाण्यात राहणाऱ्या बाईला यापेक्षा जवळचं काय असणार? आता मासुंदा किंवा उपवनला विसर्जन पालिकेच्या कृत्रिम तलावात होतं. तळ्याचं पाणी स्वच्छ राहतं, ते मला मनापासून पटतं. पण त्या टाकीच्या कडेला वाळू नसते. २ सप्टेंबरच्या संध्याकाळी ती मुलगी रिकामं तबक घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला काठावरच्या झाडाच्या बुंध्याशी नेलं. पावसाने माती भिजलेली होती. तिने चिमूटभर उचलून विड्याच्या पानात बांधली, आणि घरी आल्यावर थोडी तांदळाच्या डब्यावर, थोडी तुळशीत, थोडी सासूच्या रिकाम्या पलंगाखाली टाकली.